मिरामारचा कारखाना कसा पाहावा

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चित्रपटांवर जीव असलेला माणूस न्यूझीलंडला निघाला, की त्याच्या यादीत हॉबिटनचे नाव सर्वांत वर असते, आणि ते असायलाही हवे. मात्र हॉबिटन ही चित्रीकरणाची जागा आहे. त्या चित्रपटांतल्या तलवारी, चिलखते, ऑर्क नावाच्या राक्षसी सैनिकांचे चेहरे आणि हॉबिट या बुटक्या लोकांचे केसाळ पाय ज्या हातांनी घडवले, त्या हातांचा पत्ता वेगळा आहे. वेलिंग्टन शहराच्या मिरामार या उपनगरातला वेटा वर्कशॉप हा कारखाना म्हणजे तो पत्ता. तिथे कसे जावे, जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी आणि आत गेल्यावर नेमके काय पाहावे, हे या लेखात सांगितले आहे.

आधी नकाशा उघडावा. हॉबिटन उत्तर बेटावर माटामाटा गावाजवळ, ऑकलंडहून मोटारीने सुमारे दोन तासांवर आहे, तर वेलिंग्टन त्याच बेटाच्या दक्षिण टोकाला, कुकच्या सामुद्रधुनीवर वसलेले आहे. ही दोन ठिकाणे एका दिवसात बसवण्याचा प्रयत्न करू नये. आपल्याकडून निघणाऱ्या बऱ्याच गटसहलींमध्ये ऑकलंड, रोटोरुआ आणि क्वीन्सटाऊन असते, वेलिंग्टन नसते. त्यामुळे गटातून जाणार असाल तर सहल संपल्यावर दोन दिवस जास्त राहता येतील अशा बेताने परतीचे तिकीट काढावे. वेटा वर्कशॉपनेच डिसेंबर २०२० मध्ये ऑकलंडच्या मध्यवस्तीत ‘अनलीश्ड’ नावाचे दालन सुरू केले आहे. काल्पनिक चित्रपटांच्या निर्मितीभोवती रचलेले ते प्रदर्शन मनोरंजक आहे आणि वेलिंग्टन अजिबातच जमत नसेल तर ते जरूर पाहावे. पण निवड करता येत असेल तर माझे मत निःसंशय मिरामारच्या बाजूने आहे. ज्या वस्तीत ही माणसे तीसहून अधिक वर्षे काम करीत आली, त्या वस्तीत उभे राहण्याला वेगळा अर्थ आहे.

नावांचा एक घोळही जाण्यापूर्वीच निस्तरून घ्यावा, कारण आत गेल्यावर अनेक पाहुणे चुकीच्या ठिकाणी चुकीची गोष्ट शोधत राहतात. १९८७ मध्ये रिचर्ड टेलर आणि तानिया रॉजर या जोडप्याने स्वतःचे छोटे काम सुरू केले आणि त्यातून हा कारखाना वाढला. वेटा हा न्यूझीलंडमधला, नाकतोडे आणि रातकिडे यांच्या कुळातला मोठा किडा. त्याचेच नाव त्यांनी घेतले. वर्कशॉपमध्ये हाताने घडणाऱ्या वस्तू तयार होतात, म्हणजे शस्त्रे, चिलखते, मुखवटे, कृत्रिम त्वचा आणि छोट्या प्रमाणातल्या इमारती. संगणकावर घडणारी दृश्ये तयार करणारी कंपनी वेगळी आहे. ती पूर्वी वेटा डिजिटल या नावाने ओळखली जाई आणि आता तिचे नाव वेटा एफएक्स आहे. पडद्यावर हालणारा, बोलणारा गॉलम हा विचित्र जीव त्या दुसऱ्या कंपनीच्या संगणकांमधून आला. वर्कशॉपच्या मूर्तिकारांनी त्याचे रूप शोधताना मातीचे नमुने केले होते, आणि कारखान्यात शोधायचे ते या प्रकारचे काम. टेलर यांना मिळालेली पाच ऑस्कर पारितोषिके वेशभूषा, रंगभूषा आणि दृश्यपरिणाम अशा तीन निरनिराळ्या विभागांतली आहेत, यावरून या कारखान्याच्या कामाचा पसारा ध्यानात येईल.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटक व्हिसा लागतो आणि त्यासाठीचा अर्ज न्यूझीलंडच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून या व्हिसाबरोबर पर्यटकांवरील १०० न्यूझीलंड डॉलरचा अधिभारही द्यावा लागतो, तो खर्चात धरावा. शुल्क बदलत असते, म्हणून अर्जाच्या दिवशी खात्याच्या पानावरचा आकडाच खरा मानावा. व्हिसा हाती येण्याआधी कारखान्याच्या फेरीचे पैसे भरू नयेत.

विमानतळावरची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण आपण मराठी माणसे खाऊ बरोबर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. न्यूझीलंडमध्ये जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत. लाडू, तुपातली मिठाई, लोणचे, चिवडा, मसाले, मध, बियाणे, फळे, अगदी देवघरातून प्रसाद म्हणून घेतलेला नारळसुद्धा प्रवेशाच्या घोषणापत्रात लिहावा लागतो. जे लिहिले, त्यातले काही अधिकारी तपासून परत देतात आणि काही काढून घेतात. जे लिहिले नाही आणि सापडले, त्यासाठी जागेवर ४०० डॉलर दंड होतो. गडावर वापरलेले, तळाला माती चिकटलेले बूट घेऊन जात असाल तर तेही धुऊन न्यावेत आणि लिहावेत. शंका आली की ‘होय’वर खूण करावी, एवढा नियम पाळला तर अडचण येत नाही.

आता खऱ्या कामाकडे वळू. फेरीची वेळ आधी ठरवून तिकीट ऑनलाइन काढावे. मार्गदर्शकासह होणारी ही फेरी साधारण दीड तासाची असते आणि एका वेळी मोजकीच माणसे आत घेतात. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, वेलिंग्टनच्या बंदरात मोठी प्रवासी जहाजे लागतात आणि त्या दिवशी जागा लवकर संपतात. शक्य असेल तर शनिवार, रविवार टाळून कामाच्या दिवशीची सकाळची पहिली फेरी निवडावी. मार्गदर्शकाचा आवाज ताजा असतो, गर्दी कमी असते आणि कारखान्याला खरोखर कामाची लय असते. फेरीत काय दाखवतात हे कारखान्यात सुरू असलेल्या कामांप्रमाणे बदलते, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नये.

मिरामार विमानतळाला अगदी लागून आहे. त्यामुळे अनेक जण विमानातून उतरून सामानासह थेट तिकडे जातात. तसे करू नये. मोठ्या बॅगा घेऊन अरुंद दालनांतून फिरताना आपलीच दमछाक होते आणि लक्ष वस्तूंवर राहत नाही. मुक्कामी सामान टाकून शहरातून निघावे. दोन क्रमांकाची बस मिरामारकडे जाते. मात्र तिचे पुढे फाटे फुटतात, तेव्हा समोरची पाटी वाचून आणि चालकाला विचारून चढावे. कॅम्पर्डाउन रोड आणि वेका स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर वेटा केव्ह हे दुकान-वजा-संग्रहालय आहे आणि फेरी तिथून सुरू होते. दाराबाहेर ‘हॉबिट’मधले तीन अवाढव्य दगडी ट्रोल, म्हणजे राक्षस, उभे आहेत, त्यामुळे पत्ता चुकणे कठीण आहे. छत्री नेऊ नये. वेलिंग्टनचा वारा ती उलटी करतो. टोपीचे विंडचीटर बरे.

तयारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग घरीच होतो. त्या चित्रपटांच्या विस्तारित आवृत्त्यांबरोबर निर्मितीची कहाणी सांगणारे काही तासांचे माहितीपट आहेत. ते पाहून जावे आणि पाहताना एकच वस्तू निवडावी: एखादी तलवार, एखादे शिरस्त्राण, एखादा चेहरा. सगळे पाहायला गेलेल्या माणसाला शेवटी काहीच आठवत नाही, पण एका वस्तूचा माग काढणाऱ्याला तिच्यामागची सगळी कामे आपोआप दिसतात. दुसरी तयारी आपल्याच मातीतली आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली जुनी शस्त्रे आणि चिलखते एकदा निवांत पाहावीत, आणि जमल्यास श्रावणाच्या आगेमागे पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात तासभर घालवावा. शाडूचा मूळ नमुना कसा करतात, त्यावरून साचा कसा काढतात, साच्यातून निघालेल्या मूर्तीची शिवण कशी घासतात आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, सर्वांत अनुभवी कारागिराकडे का जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला मिरामारमधली निम्मी भाषा आधीच येत असते.

कारण तिथली मूळ प्रक्रिया तीच आहे. मूर्तिकार प्रथम न वाळणाऱ्या मातीत आकार घडवतो. त्यावर सिलिकॉनचा साचा घेतात आणि साच्यात कधी फायबरग्लास, कधी युरेथेन, कधी फेसासारखा मऊ लेटेक्स, तर कधी त्वचेसारखे सिलिकॉन ओततात. अभिनेत्याच्या चेहऱ्यावर चिकटवायचा लेटेक्सचा तुकडा भट्टीत भाजून निघतो आणि त्याच्या कडा इतक्या पातळ ठेवतात की त्या त्वचेत मिसळून जाव्यात. सिलिकॉनच्या चेहऱ्यावर भुवयांचे आणि डोक्याचे केस सुईने एकेक करून टोचतात. असा एखादा चेहरा समोर आला, तर समोरून पाहून पुढे सरकू नये. बाजूला व्हावे, कानामागे पाहावे, केसांची दिशा कुठे बदलते ते पाहावे. रंगसुद्धा एका हाताने दिलेला नसतो; लालसर, निळसर, पिवळसर असे पातळ थर एकमेकांवर शिंतोड्यांनी दिलेले असतात, कारण माणसाच्या त्वचेत रक्त, शिरा आणि ऊन ही तिन्ही एकाच वेळी दिसतात.

शस्त्रांच्या दालनात एक प्रश्न मनात धरून जावा: ही वस्तू कॅमेऱ्यापासून किती अंतरावर दिसणार होती? सगळे कारागिरी-शास्त्र त्या अंतरावर उभे आहे. पडद्यावर एकच वाटणारी तलवार प्रत्यक्षात अनेक रूपांत तयार केलेली असते. जवळून दाखवायची तलवार पोलादी पात्याची असते, झुंजीच्या दृश्यासाठी ॲल्युमिनियमची हलकी, आणि घोड्यावरून पडायचे असेल किंवा शेकडो सैनिकांची गर्दी असेल तर रबरासारख्या युरेथेनची. चिलखताचेही तसेच. मुख्य पात्रासाठी लोहाराने पत्रा ठोकून तुकडा घडवायचा आणि त्यावरून साचे घेऊन सैन्यासाठी हलक्या प्रती ओतायच्या. हात लावू देत असतील तिथे वजन जरूर अजमावून पाहावे. डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू हाताला किती वेगळ्या लागतात, हे वाचून समजत नाही.

माझ्या हातावर मार्गदर्शकाने कड्यांच्या चिलखताचा वीतभर तुकडा ठेवला होता. डोळ्यांनी तो लोखंडाचा होता आणि तळहाताने तो जवळजवळ काहीच नव्हता. पाण्याच्या नळासाठी वापरतात तसल्या प्लॅस्टिकच्या नळीच्या चकत्या कापून, प्रत्येक कडी फटीतून उघडून शेजारच्या चार कड्यांत अडकवायची आणि पुन्हा जोडायची, मग त्यावर धातूची झाक द्यायची, अशी ती पद्धत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन चित्रपटांसाठी अशा सव्वा कोटी कड्या हाताने जोडल्या गेल्या. तुकडा उजेडाकडे धरल्यावर एका ओळीत एक कडी उलट्या बाजूने अडकवलेली दिसली. पडद्यावर ती कोणालाही कधीच दिसली नसती. पण कोणीतरी, बहुधा दिवसाच्या शेवटी, बोटे दुखत असताना ती जोडली होती, आणि ती पाहिल्यावर मला सव्वा कोटी हा आकडा पहिल्यांदा खरा वाटला.

छोट्या प्रमाणातल्या इमारतींकडे आपले लोक ‘खेळण्यातले’ म्हणून दुर्लक्ष करतात, याची मला खंत वाटते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी केलेल्या मिनास तिरिथ शहराचे प्रमाण १ : ७२ होते, हेल्म्स डीपच्या किल्ल्याचे १ : ३५. ती शहरे इतकी मोठी होती की कारागिरांनी त्यांना ‘बिगाचर’ (‘बिग’ म्हणजे मोठे आणि ‘मिनिएचर’ म्हणजे छोटी प्रतिकृती, यांचा जोडशब्द) असे लाडके नाव दिले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘थंडरबर्ड्स आर गो’ या मालिकेसाठीही या कारखान्याने छोटे सेट बांधले, आणि जिच्या सेटमध्ये लिंबू पिळायचे भांडे वापरले होते त्या मूळ जुन्या मालिकेच्या आठवणीसाठी त्यांतही तसे भांडे भिंतीचा किंवा यंत्राचा भाग म्हणून दडवले. असा एखादा सेट दाखवत असतील तर गुडघ्यावर बसून डोळे त्या रस्त्याच्या पातळीवर आणावेत. उभे राहून वरून पाहिले तर ते खेळणे दिसते. खाली बसले की शहर उभे राहते. मुले बरोबर असतील तर त्यांना स्वयंपाकघरातल्या वस्तू शोधायला सांगावे, कारण झाकणे, चमचे, बाटल्यांची बुचे यांतून यंत्रे तयार करणे ही या कलेची जुनी रीत आहे.

प्रश्न विचारायला संकोच करू नये. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले तेव्हा तिथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. ते सरळ ‘बायोस्कोप’ या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कचेरीत गेले, संपादकाशी बोलले, आणि त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ या ब्रिटिश चित्रपटनिर्मात्याच्या स्टुडिओचे विभाग त्यांना पाहायला मिळाले. परदेशी चित्रपटाचा कारखाना पाहायला गेलेल्या मराठी माणसाची ती परंपरा आहे, आणि ती विचारण्याची परंपरा आहे. मिरामारचे मार्गदर्शक अनेकदा स्वतः काही ना काही घडवणारे असतात. त्यांना ‘तुमचा आवडता चित्रपट कोणता’ असे विचारले तर तेच ते ठरीव उत्तर मिळते. त्याऐवजी ‘हा तुकडा पहिल्यांदा का फसला’, ‘हे सामान आधी कशासाठी वापरत होते’, ‘हे करायला शिकणाऱ्याने घरी कोणत्या मातीपासून सुरुवात करावी’ असे विचारावे. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. वस्तूकडे बोट दाखवून विचारलेला प्रश्न सगळ्यांना कळतो. न्यूझीलंडचे उच्चार सुरुवातीला कानाला अवघड जातात, म्हणून मार्गदर्शकाच्या जवळ उभे राहावे.

छायाचित्रांबाबत मार्गदर्शक जे सांगेल ते तंतोतंत पाळावे. इथे घडणाऱ्या वस्तू चित्रपट कंपन्यांच्या मालकीच्या असतात आणि चित्रपट प्रदर्शित होण्याआधी त्यांचे एकही चित्र बाहेर जाणे म्हणजे कारागिरांच्या पोटावर पाय येणे. जिथे परवानगी नाही तिथे फोन खिशात ठेवावा, हातातही धरू नये. त्याऐवजी छोटी वही आणि पेन्सिल न्यावी. एखाद्या म्यानाची कड किंवा बक्कल रेखाटताना जे दिसते ते फोनमधून दिसत नाही, आणि चित्र वाईट आले तरी हरकत नाही.

लहान मुलांना नेण्यापूर्वी त्यांना मुखवट्यांची आणि कापलेल्या हातापायांच्या नमुन्यांची कल्पना द्यावी. दचकणाऱ्या मुलाला दीड तास उचलून घेऊन फिरणे दोघांनाही त्रासाचे होते. चमकदार स्वयंपाकी फॉइल चुरगळून, दाबून त्यातून प्राण्यांचे आकार करण्याची एक रीत तिथे दाखवतात. ती नीट पाहून घ्यावी. आपण पोळ्या गुंडाळतो तेच फॉइल, तेव्हा घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी मुले करून पाहू शकतात.

दुकानात घाई करू नये. पुतळे सुंदर असतात, पण जड आणि ठिसूळ असतात. त्यांचे नाजूक भाग चेक-इन बॅगेत टिकतील असे समजू नये. किमतीत १५ टक्के कर धरलेलाच असतो, आणि पर्यटकाला विमानतळावर तो परत मिळण्याची सोय त्या देशात नाही. तलवारीची प्रतिकृती घेण्याचा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ती विमानात जवळ बाळगता येत नाही आणि नऊ इंचांहून लांब पाते भारतात आणताना शस्त्र कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो. रेखाचित्रांचे पुस्तक घ्यावे.

मिरामारनंतर, त्याआधी नव्हे, शहरातल्या ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयात जावे. सप्टेंबर २०२४ पासून परदेशी प्रौढांना तिथे ३५ डॉलर प्रवेशमूल्य आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये तिथे पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईवरचे प्रदर्शन उघडले. त्यातले महाकाय पुतळे वेटा वर्कशॉपने घडवले आहेत. ते खऱ्या माणसाच्या २.४ पट आहेत आणि त्यांवर २४,००० तासांचे काम झाले आहे. ते पाहता येत असल्याची खात्री करून जावे. हे पुतळे खऱ्या माणसांचे आहेत आणि त्यांतली एक लॉटी ले गॅले नावाची परिचारिका आहे. ती रुग्णवाहू जहाजावर काम करीत होती आणि तिने भावाला लिहिलेली पत्रे तो मारला गेल्याच्या शिक्क्यासह तिच्याकडेच परत आली. ती बसलेली आहे, हातात पत्र आहे. कारखान्यात सुईने केस टोचताना पाहिलेले असते, रंगाचे थर पाहिलेले असतात, सिलिकॉन हाताला कसे लागते ते माहीत झालेले असते. तरीही तिच्या बाजूला जाऊन मनगटाजवळ उभे राहिले, की त्वचेखालची निळसर शीर आणि हातावरची बारीक लव दिसते, आणि मागे रांग असूनही कोणी पुढे सरका म्हणत नाही.